निरोप ठेवणारा टेलिफोन

पुष्कळ जुन्या घरांच्या माळ्यावर अथवा कपाटाच्या तळाशी आजही एखादा काळा, जड टेलिफोन निघतो. त्याची तार कधीच कापली गेलेली असते. एके काळी ह्याच यंत्राला बैठकीच्या खोलीत मानाची जागा होती. त्याच्यासाठी वेगळी तिवई असे, त्याच्यावर विणलेला रुमाल पांघरलेला असे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उत्साहाला आवर बसावा म्हणून तबकडीच्या एका भोकात इवलेसे कुलूपही लटकत असे. अर्ज करून कित्येक वर्षे वाट पाहावी तेव्हा तो घरी यायचा. तो आला त्या दिवशी पेढे वाटणारीही घरे होती. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली ह्यांच्या दरम्यान देशातले पहिले मोबाइल संभाषण झाले, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या काळ्या टेलिफोनाची रवानगी बैठकीतून माळ्यावर आणि माळ्यावरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर होत गेली.

ह्या निवृत्त यंत्राला अलीकडे एक नवे काम मिळाले आहे. युरोप-अमेरिकेत लग्नसमारंभाच्या जागी पाहुण्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून एक वही ठेवण्याची रीत आहे. त्या वहीच्या शेजारी, किंवा तिच्या जागी, आता जुना तबकडीचा टेलिफोन ठेवतात. पाहुण्याने रिसीव्हर उचलला की वधूवरांनी आधी नोंदवून ठेवलेले स्वागताचे शब्द कानी पडतात. मग एक बारीक शिटी वाजते. आणि त्यानंतर पाहुणा जे काही बोलेल ते रिसीव्हर खाली ठेवीपर्यंत यंत्राच्या पोटात साठवले जाते. टेलिफोनाची तार कोठेही गेलेली नसते. पलीकडे कोणी ऐकत नसते. तरीही माणसे त्या रिसीव्हरात मोकळेपणाने बोलतात, गातात, कित्येकदा रडतातही. आपल्याकडेही शहरी समारंभांतून हा प्रकार दिसू लागला आहे.

लग्नातली एक हौस एवढ्याच दृष्टीने पाहिले, तर विषय इथेच संपावा. परंतु ह्या हौसेच्या पोटात एक गरज दडलेली आहे. आपल्या बहुतेक घरांच्या भिंतींवर आजोबा-पणजोबांच्या तसबिरी असतात. त्यांचे हस्ताक्षर असलेली पत्रे पेटीत असतात. त्यांचा आवाज मात्र कोठेही नसतो. आजी देवघरात पुटपुटत असे त्यातला सूर, नातवाला हाक मारताना ती शेवटचे अक्षर कसे लांबवी, रागावली म्हणजे तिच्या तोंडी कोणत्या गावची बोली येई, हे सारे ज्यांनी ऐकले त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. माणसाचा चेहरा आठवणीत पुष्कळ दिवस टिकतो. आवाज त्यामानाने लवकर पुसट होतो, आणि तो पुसट झाला आहे हे ध्यानात येते तेव्हा उपाय उरलेला नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल की आता प्रत्येकाच्या खिशात चित्र आणि आवाज दोन्ही टिपणारे यंत्र आहे. मग ह्या जुन्या डबड्याची मातबरी ती काय? हरकत रास्त आहे. पण असे यंत्र एखाद्या ऐंशी वर्षांच्या बाईसमोर धरून "आजी, काहीतरी बोल" म्हणून पाहावे. ती पदर सावरते, ताठ बसते आणि गप्प होते. फोटोसाठी बसायचे ते असेच, हे ती लहानपणी शिकलेली असते. त्याच बाईच्या हाती काळा रिसीव्हर द्यावा. हात आपोआप कानाशी जातो आणि तोंडातून "हॅलो" बाहेर पडते. डोळ्यांसमोर भिंग नसते, खोलीतली माणसे तिच्याकडे रोखून पाहत नसतात. ह्या यंत्रात बोलायचे असते, एवढे तिच्या हाताला ठाऊक असते. जुन्या टेलिफोनाची मातबरी असेल तर ती ह्या सवयीत आहे.

गंमत अशी की आवाज साठवण्याची कल्पना टेलिफोनाला नवी नाही. ती दोघे जवळजवळ सख्खी भावंडे होत. १० मार्च १८७६ रोजी बोस्टन शहरात अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्याने तारेवरून आपल्या मदतनिसाला हाक मारली आणि ती शेजारच्या खोलीत त्याला स्पष्ट ऐकू गेली. दुसऱ्याच वर्षी टॉमस एडिसन न्यू जर्सीतल्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोन सुधारण्याच्या खटपटीत होता. बोलण्याने थरथरणाऱ्या पडद्याला एक टोकदार सुई जोडली आणि तिच्याखालून मेणकागद सरकवला, तर त्या थरथरीचा ठसा कागदावर उमटतो, हे त्याच्या लक्षात आले. मग तोच ठसा पुन्हा सुईखालून नेला तर पडद्याने बोलू नये का? ह्या प्रश्नातून डिसेंबर १८७७ मध्ये फोनोग्राफ जन्माला आला. दंडगोलावर गुंडाळलेल्या कथिलाच्या वर्खावर आवाज कोरला गेला आणि परत ऐकू आला. वर्ख मात्र चार-दोन वेळा वाजवला की निकामी होई.

१८७८ साली एडिसनने 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' ह्या नियतकालिकात आपल्या यंत्राच्या भावी उपयोगांविषयी एक लेख लिहिला. त्यात संगीत आहे, अंधांसाठी बोलती पुस्तके आहेत, बोलणारी घड्याळे आणि खेळणी आहेत. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातले तीन उपयोग पाहण्याजोगे आहेत. एक, कुटुंबातील माणसांचे बोल, त्यांच्या आठवणी आणि मरणाऱ्यांचे अखेरचे शब्द त्यांच्याच आवाजात जपून ठेवणे. दुसरा, भाषांचे उच्चार जसेच्या तसे राखणे. आणि तिसरा, टेलिफोनाशी हे यंत्र जोडून तारेवरच्या क्षणभंगुर बोलण्याची कायमची नोंद करणे. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी तो माणूस हे लिहून गेला. आज कोणी घरच्या मेजावर जुन्या टेलिफोनात ध्वनिमुद्रक बसवतो, तेव्हा तो नकळत ह्या तिन्ही कलमांची पूर्तता करीत असतो.

तिसरे कलम प्रत्यक्षात आणण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत वाल्डेमार पौल्सेन नावाचा एक तरुण तंत्रज्ञ नोकरीला होता. घरी कोणी नसताना टेलिफोन वाजला तर बोलणाऱ्याचा निरोप वाया जातो, ही रोजची अडचण त्याच्यासमोर होती. सुईने खरवडण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. टेलिफोनातून वाहणारा प्रवाह विद्युत्‌चुंबकात सोडून तो चुंबक पोलादाच्या तारेवरून सरकत नेला, तर बोलण्याच्या चढउताराप्रमाणे तारेत कमीअधिक चुंबकत्व भरले जाते, हे त्याने दाखवून दिले. १८९८ साली त्याने ह्या टेलिग्राफोनाच्या पेटंटासाठी अर्ज केला. पुढे आलेल्या सगळ्या चुंबकीय फितींचे मूळ ह्या तारेत आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले, तेव्हा ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ ह्याने त्यात चार शब्द उच्चारले. शोध आपल्याला फार रंजक वाटला व तो दाखवल्याबद्दल आभारी आहोत, इतकाच त्यांचा आशय. सम्राटाच्या साम्राज्याचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. ती तार अद्याप शाबूत आहे, आणि टिकून राहिलेल्या चुंबकीय ध्वनिमुद्रणांत ती सर्वांत जुनी मानली जाते.

पौल्सेनच्या यंत्रात एक उणीव होती. आवाज वाढवण्याचे साधन त्या काळी नव्हते. नोंद ऐकायची तर टेलिफोनाचाच कर्णा कानाला लावावा लागे. निरोप घेणारी यंत्रे घरोघर पोचायला त्यानंतर अनेक दशके जावी लागली, आणि आपल्या देशात तर ती फारशी आलीच नाहीत. आपल्याकडचा टेलिफोन विसराळूच राहिला. त्यातून लग्ने ठरली, मृत्यूच्या वार्ता आल्या, परगावच्या नोकरीचा होकार आला. बोलणे संपले, रिसीव्हर खाली ठेवला, आणि तारेत काहीही उरले नाही.

अशा विसराळू यंत्राला स्मरणशक्ती देण्याचे काम कसे चालते, हे कळण्यासाठी आधी त्याच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल. खालचे दोन-तीन स्क्रू काढले की कवच सुटते. आत दोन पितळी वाट्यांची घंटा आणि तिच्यामधली हातोडी असते. तबकडीच्या मागे स्प्रिंग आणि दातेरी चाके असतात. आणि रिसीव्हर जिथे विसावतो त्या आकड्याखाली धातूच्या लवचीक पट्ट्यांचा एक जुडगा असतो. रिसीव्हर उचलला की आकडा वर येतो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. ह्या साध्या खटक्यावर पुढचा सगळा खेळ अवलंबून आहे.

रिसीव्हरच्या दोन टोकांना दोन निरनिराळ्या स्वभावाचे भाग असतात. कानाकडील टोकाला लोहचुंबक, तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा. हा भाग मोठा चिवट असतो. पन्नास वर्षांनंतरही तो बहुधा चालू स्थितीत मिळतो. तोंडाकडील टोकाला मात्र कोळशाच्या बारीक कणांनी भरलेली डबी असते. बोलण्याने पडदा दाबला गेला की कण एकमेकांना घट्ट भिडतात, पडदा सैल झाला की विलग होतात, आणि त्याप्रमाणे त्यांतून जाणारा विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्यावर हे कण गोळा होऊन बसतात. जुन्या लोकांना आठवत असेल, आवाज खरखरू लागला की माणसे रिसीव्हर तळहातावर आपटत. त्या आपटण्याने कण सुटे होत, आणि काम भागे.

ह्या डबीच्या जागी नवा मायक्रोफोन बसवावा लागतो. बाजारात वाटाण्याएवढा मायक्रोफोन अगदी अल्प किमतीत मिळतो. त्याला दोन-तीन व्होल्टांचा दाब पुरतो. मूळ डबी फेकून देऊ नये, कागदात गुंडाळून यंत्राच्या पोटातच ठेवावी. काही हौशी लोक हट्टाने कोळशाचीच डबी चालवतात, कारण तिच्यातून येणाऱ्या आवाजाला जुन्या ट्रंक-कॉलचा पोत असतो. तो ऐकायला गोड लागतो खरा. परंतु आजीचा आवाज जपायचा असेल तर तो आजीसारखा असावा, टेलिफोनासारखा नव्हे.

साठवण्याचे काम एक लहानसा संगणक करतो. रास्पबेरी पाय नावाचा असा संगणक २०१२ साली इंग्लंडात विक्रीला आला. तो एका तळहातावर मावतो आणि टेलिफोनाच्या कवचातही मावतो. त्याला स्वतःचा कान नसतो, म्हणून आवाज आत घेणारा एक छोटा जोड बाहेरून लावावा लागतो. आकड्याखालच्या पट्ट्यांपैकी योग्य त्या दोन पट्ट्यांना तारा जोडून त्या संगणकाकडे नेल्या, की रिसीव्हर उचलला आहे की ठेवला आहे हे त्याला कळते. त्याला आज्ञा एवढीच द्यायची: उचलताच क्षणभर थांब, स्वागताचे शब्द ऐकव, शिटी वाजव, टिपायला लाग, ठेवताच थांब, आणि टिपलेले तारीख-वेळ घालून जपून ठेव. ज्यांना संगणकाचे वावडे असेल त्यांच्यासाठी तयार ध्वनिमुद्रक मिळतात; त्यांच्या 'सुरू'च्या बटणाच्या जागी आकड्याची कळ जोडता येते. तेवढ्यानेही काम होते.

कागदावर हे सोपे दिसते. मेजावर दोन ठिकाणी घोडे अडते. पहिली अडचण पट्ट्यांची. धातू धातूला टेकतो तो एकदाच टेकत नाही, काही सहस्रांश सेकंद थरथरतो. माणसाला ते जाणवत नाही, परंतु संगणक इतका चपळ की एकदा उचललेला रिसीव्हर त्याला दहादा उचलल्यासारखा वाटतो, आणि तो दहा निरोप उघडून बसतो. म्हणून पहिला स्पर्श झाल्यावर किंचित काळ दुर्लक्ष कर, असे त्याला बजावावे लागते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. खऱ्या टेलिफोनात बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडासा आपल्याच कानात परत ऐकू येई. त्यामुळे यंत्र जिवंत आहे अशी खात्री वाटे. नव्याने घडवलेल्या टेलिफोनात हा परतावा नसतो. कानात मेल्यासारखी शांतता पसरते, आणि वृद्ध माणूस दोन वाक्यांनंतर "हॅलो, हॅलो" करीत ओरडू लागतो. त्याच्या आवाजाचा अगदी थोडा अंश कर्ण्याकडे परत वळवला, की तो शांतपणे बोलतो. ज्या कारागिराला ही गोष्ट उमगली त्याचे काम सफाईचे समजावे.

आणखी दोन पथ्ये सांगण्यासारखी आहेत. चालू टेलिफोन-लाइनला हे यंत्र चुकूनही जोडू नये. त्या तारेवर सुमारे पन्नास व्होल्टांचा दाब असतो आणि घंटेच्या वेळी तो त्याहून पुष्कळ चढतो. लहान संगणक तेवढ्यात भाजून निघेल. दुसरे पथ्य कवचाविषयी. फार जुने टेलिफोन बेकेलाइटचे असतात; ते भोक पाडताना तडकते आणि तडकलेले सांधत नाही. आतल्या तारा बहुधा स्क्रूखाली दाबलेल्या असतात, त्यांना कात्री लावण्याचे कारणच नसते. स्क्रू सैल करावा, कोणती तार कोठे होती त्याचे चित्र काढून ठेवावे, आणि पुढेमागे कोणाला मूळ टेलिफोन परत हवा असेल तर तो अर्ध्या तासात उभा करता यावा. बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ह्या १९४८ साली निघालेल्या सरकारी कारखान्यातून बाहेर पडलेले टेलिफोन देशभर पसरले होते. त्यांतले किती भंगारात गेले ते पाहता, उरलेल्याचे पोट बेदरकारपणे फाडणे बरे नव्हे.

यंत्र तयार झाले. आता बोलणाऱ्याचा प्रश्न. पुष्कळांचा अनुभव असा की वृद्ध माणसे ह्या टेलिफोनात भराभर बोलतात आणि मिनिटाभरात रिसीव्हर ठेवून देतात. ह्यात त्यांचा दोष नाही. १९६० साली लखनौ-कानपूर ह्या मार्गावर थेट परगावी फिरवता येणारा टेलिफोन देशात प्रथम सुरू झाला. त्यापूर्वी, आणि बहुतेक गावांत त्यानंतरही पुष्कळ वर्षे, परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक-कॉल नोंदवून तासन्‌तास बसायचे. तीन मिनिटे झाली की मधली ऑपरेटर बाई आठवण करून देई. बेळगावाहून मुंबईला, इंदुराहून पुण्याला, पणजीहून कोल्हापूरला त्या तीन मिनिटांत काय काय कोंबावे लागे! प्रकृती, पैसे, परीक्षेचा निकाल, आणि मग "ठेवतो, खर्च होतोय". त्या पिढीच्या कानात ती तीन मिनिटे अजून वाजत असतात. म्हणून स्वागताच्या शब्दांतच सांगून टाकावे की ह्या टेलिफोनाला बिल नाही. ते खरेही आहे. चांगल्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे पाच मेगाबाइट जागा लागते; नखाएवढ्या बत्तीस गिगाबाइटच्या कार्डावर जवळजवळ शंभर तासांचे बोलणे मावते. शंभर तासांत सबंध आयुष्य सांगून होईल.

दुसरे असे की "काहीतरी बोला" हा प्रश्न नव्हे. वर्गात मुलांना 'माझे गाव' एवढेच सांगून निबंध लिहायला बसवले तर सगळ्यांच्या वहीत तीच नदी आणि तेच देऊळ उतरते, "तुमच्या गावच्या विहिरीचे पाणी कोण ओढी?" असे विचारले तर प्रत्येक वही वेगळी निघते. वृद्धांनाही तसेच विचारावे. लग्नाच्या पंगतीत भाजी कोणती होती? शाळेला जाताना वाटेत कोणाच्या कुत्र्याची भीती वाटे? पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून बेळगावला यायचे तर सामान कोठे तपासत? असे एकेक प्रश्न कागदावर लिहून टेलिफोनाखाली ठेवावेत. रोज एक पुरे.

ह्यातून केवळ एका घराच्या आठवणी साठत नाहीत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांत जी भाषा बोलली जाते तीत त्या त्या भूमीचे पाणी मिसळलेले आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीचा हेल वेगळा, वडोदऱ्याचा वेगळा, बेळगावाकडच्या वाक्यात कानडीचा लहेजा, तंजावरच्या मराठीत तीनशे वर्षांपूर्वीचे शब्द. वसईकडची सामवेदी, कोकणातील चित्पावनी ह्यांसारख्या बोली तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीच काय त्या उरल्या आहेत. छापील पुस्तकात ह्या बोलींचे शब्द सापडतील, सूर सापडणार नाही.

जॉर्ज ग्रियर्सन ह्या आयरिश पंडिताला हे पुरते ठाऊक होते. भारतीय भाषांच्या पाहणीचे खंड तो सिद्ध करीत होता तेव्हा प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्याने शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या भाषेत मिळवली. मराठी आणि तिच्या बोलींचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. परंतु लिपीत उच्चार मावत नाहीत म्हणून पुढे १९१३ ते १९२९ ह्या काळात अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करवून घेण्यात आल्या. बाप दूर देशी गेलेल्या मुलाची वाट पाहतो, मुलगा परत येतो, अशी ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडून आजही ऐकता येते. बोलणाऱ्यांपैकी आता कोणी हयात नाही. त्यांच्या वंशजांपैकी कोणाच्या कानी ती तबकडी पडली असेल, तर त्याला काय वाटले असेल?

आवाजाला किती मोल असते ह्याचे एक उदाहरण लंडनचे आहे. तिथल्या भुयारी रेल्वेत, गाडी आणि फलाट ह्यांमधली फट जपा, असे सांगणारी तीन शब्दांची सूचना एम्बँकमेंट स्थानकावर ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या नटाच्या आवाजात वाजत असे. २००७ साली तो वारला. त्याची पत्नी पुढे अधूनमधून त्या फलाटावर येऊन बसे आणि पतीचा आवाज ऐकून मग गाडीत चढे. २०१२ साली नवी यंत्रणा आली आणि तो आवाज बंद पडला. तिने रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे विनंती केली, तेव्हा २०१३ मध्ये त्या एका फलाटावर तो जुना आवाज पुन्हा सुरू करण्यात आला. तीन शब्द, आणि तेही प्रवाशांना उद्देशून बोललेले!

तथापि सगळेच बोलणे नोंदून ठेवण्यासारखे असते असे नाही. जपानच्या इवाते प्रांतात ओत्सुची नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे इतारु सासाकी ह्या गृहस्थाने २०१० साली, आपल्या चुलत भावाच्या वियोगाच्या दुःखात, बागेत एक पांढरी काचेची खोली उभारली आणि तीत एक काळा, तबकडीचा टेलिफोन ठेवला. त्याला तार नाही. पुढच्याच वर्षी, ११ मार्च २०११ रोजी, भूकंपाच्या लाटेने त्या गावातले बाराशेहून अधिक लोक नेले. तेव्हापासून हजारो माणसे त्या टेकडीवर येऊन, रिसीव्हर उचलून, गेलेल्यांशी बोलून जातात. 'वाऱ्याचा टेलिफोन' असे त्याचे नाव. तो काहीही साठवत नाही, आणि म्हणूनच तिथे माणसे बोलू शकतात. कोणी तिथे ध्वनिमुद्रक लपवला तर ती चोरी होईल.

घरच्या टेलिफोनालाही हाच न्याय लावला पाहिजे. बोलणाऱ्याला आधी स्पष्ट सांगावे की हे साठवले जाईल आणि अमुक माणसे ऐकतील. म्हातारपणी बोलता बोलता जमिनीच्या वाटणीचा जुना सल निघतो, कोणा सुनेविषयी एखादा शब्द निसटतो; दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पश्चात्ताप होतो. "ते पुसून टाक" असे तो म्हणाला तर त्याच्यासमोर पुसावे, आणि पुसल्याचे त्याला दाखवावे. एक दुर्मीळ नोंद गेली म्हणून हळहळणाऱ्या नातवाने हे ध्यानात ठेवावे की ती नोंद त्याची कधीच नव्हती.

जे उरेल ते सांभाळणे हे तर खरे जिकिरीचे काम. एडिसनचा वर्ख चार वेळांत फाटे; आजचे कार्ड फाटत नाही, पण वीज अवचित गेली तर त्यावरची नोंद बिघडू शकते, आणि लहान वस्तू हरवायला वेळ लागत नाही. कित्येक घरांत वडिलांच्या आवाजाच्या फिती आहेत, परंतु त्या वाजवणारे यंत्र नाही. म्हणजे असून नसल्यासारख्याच. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे निरोप दुसरीकडे उतरवावेत, एक प्रत परगावच्या नातलगाकडे असावी, आणि दर काही वर्षांनी त्या काळाच्या साधनावर त्या पुन्हा उतरवाव्यात. प्रत्येकाने आरंभी आपले नाव, गाव आणि तारीख तोंडाने सांगावी. आज ऐकणाऱ्याला ते अनाठायी वाटेल. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला हा आवाज पणजीचा की तिच्या बहिणीचा हे दुसरे कोण सांगणार?

राहता राहिली तबकडी. बहुतेक जण तिला शोभेपुरती ठेवतात, पण तिच्याकडून काम घेता येते. एक फिरवला की मंडल एकदा तुटते, दोन फिरवले की दोनदा, आणि शून्य फिरवले की दहादा. हे तुटणे मोजायला संगणकाला शिकवले, की प्रत्येक आकड्याला एकेका माणसाचे निरोप जोडून देता येतात. एक फिरवले की आजोबा बोलतील, दोन फिरवले की आत्या. शून्य मात्र नव्या निरोपासाठी राखून ठेवावे. भोकात बोट घालून तबकडी पूर्ण फिरवायची आणि सोडायची. ती किर्र आवाज करीत परत जागेवर येईपर्यंत सेकंदभर जातो, आणि तेवढ्यात बोलणाऱ्याला घसा साफ करून घेता येतो.